मदत हवी आहे : .३१५ रायफलचा बोल्ट जड जातोय

मंडळी, वडिलांची परवान्याची .३१५ बोल्ट-अ‍ॅक्शन (मूठ धरून बोल्ट, म्हणजे मागचा लोखंडी दांडा, हाताने मागेपुढे करून गोळी भरायची) रायफल आता माझ्या परवान्यावर आहे. (शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच संपली, ही फक्त रेंजवर चालते.) राहायला घोडबंदर रोड, खाडी जवळ. जून ते सप्टेंबर इथे पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात, लोखंडाचं काय घेऊन बसलात! त्यात मी शहाण्याने ती पावसाळाभर चामड्याच्या कव्हरात ठेवली. व्हायचं तेच झालं, बोल्टवर तांबूस ठिपके.

ते तेल लावून पुसले. रिकामी असताना बोल्ट लोण्यासारखा फिरतो. पण गोळी झाडल्यावर मूठ उचलताना जोर लागतो आणि केस (गोळीचं रिकामं पितळी टरफल) अडकत बाहेर येते. म्हणजे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) गंज असेल? की मीच तेल जास्त सोडलं? चेंबरमध्ये तेल राहिलं तर केस भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो, एवढं ठाऊक आहे. तोपर्यंत झाडणं बंद ठेवलंय.

चेंबर सुरक्षितपणे कसं साफ करावं? नळीसाठी पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि फ्लॅनेल वापरतो, चेंबरला ते पुरत नाही. पॉलिश पेपर लावायचा सल्ला कृपया नको. ठाणे-मुंबईत परवानाधारक, जुना जाणकार गनस्मिथ कोणी सुचवेल का? आणि दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल चालेल ना?