पंचावन्नीनंतर डोंगरातील अल्ट्रा शर्यतींचे वर्ष कसे आखावे?

सातारकर (वय ५८)

सर्वांना नमस्कार. गेली अकरा वर्षे मी नियमित धावतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन सहा वेळा झाली, पुढे सिंहगड-राजगड-तोरणा या अल्ट्रामधील, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतीतील, २५ किलोमीटरचा छोटा गट झाला आणि गेल्या डिसेंबरमध्ये त्याच शर्यतीचे ५३ किलोमीटर वेळेच्या मर्यादेत पूर्ण केले. पूर्ण केले खरे, पण शेवटच्या मोठ्या उतारावर मांड्यांनी साथ सोडली. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उतारावर, पाय रोवावा तर गुडघा आपोआप दुमडत होता, त्यामुळे जवळजवळ अर्धा तास मी कारवीच्या काठ्या धरत, जागोजागी बसत उतरलो. घरी आल्यावर कठडा न धरता जिना उतरता यायला तीन आठवडे गेले. तरीही नाव नोंदवलेले होते म्हणून पाच आठवड्यांनी मुंबई मॅरेथॉन धावलो आणि पेडर रोडच्या चढावर पोटरी धरली. मार्चअखेरपर्यंत धावणे बंद राहिले.

या वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा, पावसाळा सरल्यावर चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतून जाणाऱ्या मलनाड अल्ट्रातील ५० किलोमीटर, डिसेंबरमध्ये पुन्हा सिंहगड-राजगड-तोरणा आणि जानेवारीत मुंबई, असा क्रम मनात आहे. चाळिशीतले माझे सोबती असे वर्ष सहज पार पाडतात. माझ्या वयाला यातले काय झेपेल, दोन शर्यतींमध्ये किती अंतर असावे आणि जूनपासून डोंगरवाटा निसरड्या असताना सराव कसा करावा, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेतो. दुसरा आजार नाही.

टेकडीवरचा वाटसरू (पुणे, वय ६४)

आपल्या यादीत चार शर्यती आहेत, पण शरीर भरून येण्यासाठी राखलेला काळ कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या वयात वर्षाची आखणी त्या काळापासूनच सुरू करायला हवी. मी आधी कॅलेंडरवर डोंगरातल्या मुख्य शर्यतीनंतरचे सहा आठवडे कोरे सोडतो आणि मगच बाकीचे काय बसते ते पाहतो. या हिशेबाने मुंबई यंदा सोडावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. डांबरी रस्त्यावरचे ४२ किलोमीटर वाईट नाहीत, पण थकलेल्या पोटऱ्यांवर एकाच तालाचा आघात तासन्‌तास होत राहतो, आणि त्याचे काय होते ते आपण अनुभवले आहेच. मलनाड आणि सिंहगड-राजगड-तोरणा यांपैकी एक या वर्षी, दुसरी पुढच्या वर्षी. सातारा जरूर धावावी, मात्र घड्याळाकडे न पाहता, सरावातला एक लांब दिवस समजून.

आता उताराविषयी, कारण आपली खरी अडचण तीच आहे. चढताना दम लागतो, पण स्नायूंची हानी होते ती उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराचा भार रोखून धरतो आणि त्या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. तरुण शरीरात ती लवकर भरून येते, साठीच्या जवळ वेळ लागतो. पण एका गोष्टीचा आपल्याला फार उपयोग आहे: मांड्या ठणकतील इतका उतार एकदा उतरून झाला आणि त्यांना भरून यायला वेळ दिला, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने होणारी इजा पुष्कळ कमी असते. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून दर दोन आठवड्यांनी एक दिवस केवळ उतारासाठी ठेवावा. आपल्याला अजिंक्यतारा दाराशीच आहे. सावकाश चालत चढावे आणि पायवाटेने लहान, जलद पावलांनी उतरावे, पहिल्या वेळी दोनदा, पुढे चारदा. असा शेवटचा दिवस शर्यतीच्या दोन आठवडे आधी संपलेला असावा.

जून ते ऑगस्ट डोंगरवाटांचा मोह सोडावा. शेवाळलेल्या कातळावर एकदा पाय सटकला आणि मनगट मोडले, की सगळे वर्ष हातचे जाते. त्या काळात यवतेश्वरचा घाटरस्ता पाठीवर चार-पाच किलोचे ओझे घेऊन झपाझप चालत चढावा. डोंगरातल्या शर्यतीत आपल्यासारखे लोक निम्मा वेळ चालतच असतात, तरी चालण्याचा सराव कुणी करत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. घरी जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच मनात चार मोजेपर्यंत खालच्या पायरीला टेकवावी आणि परत वर यावे. दिसायला किरकोळ असलेला हा व्यायाम मी सहा वर्षे करतो आहे आणि माझे गुडघे त्यावरच टिकून आहेत.

आणखी एक, सात दिवसांच्या आठवड्यात स्वतःला कोंबू नये. माझे चक्र दहा दिवसांचे असते: एक लांब पल्ला, एक चढाचा दिवस, दोनदा ताकदीचे व्यायाम, आणि उरलेले दिवस हलके धावणे किंवा पूर्ण विश्रांती.

डॉक्टर आणि धावपटू (नाशिक)

वरच्या सल्ल्याशी सहमत आहे. मी फक्त गोळीविषयी लिहितो, कारण प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत आलेली ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. आपली गोळी टेल्मिसार्टनच्या गटातील असेल, आणि त्यातच लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असेल, तर घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. अशा वेळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेतल्यास मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते. शर्यतीच्या दिवशी, आदल्या दिवशी आणि नंतरही लघवी नेहमीसारखी होईपर्यंत या गोळ्या टाळाव्यात. गोळी मेटोप्रोलॉलच्या गटातील असेल तर ती हृदयाची गती दाबून ठेवते, त्यामुळे घड्याळावरच्या ठोक्यांवरून वेग ठरवू नये; पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, हीच कसोटी धरावी. शर्यतीच्या सकाळी गोळी घ्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, परस्पर बंद करू नये. त्यांच्या सल्ल्याने स्ट्रेस टेस्ट आणि इको या हृदयाच्या तपासण्याही करून घ्याव्यात.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. भीतीपोटी सतत पीत राहिल्याने रक्तातील सोडियम घसरते; शर्यतीत वजन वाढणे, हाताची बोटे सुजणे आणि डोके जड होणे या त्याच्या खुणा आहेत.

पंचगंगाकाठची (कोल्हापूर, वय ५४)

दोन गोष्टी सुचवते. पहिली चष्म्याची, कारण हा सल्ला मला कुणी दिला नव्हता. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे काचेचा खालचा भाग वाचनाचा. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी डोंगराच्या एका सोंडेवरून उतरताना पायाखालचे दगड त्या खालच्या भागातून दिसू लागले आणि सगळी वाट पाण्याखाली असल्यासारखी हलायला लागली. हातभर खोल पायरी मला वीतभर वाटली आणि मी कोपरावर पडले. त्यानंतर धावण्यासाठी केवळ लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. हेडलॅम्पही तेव्हापासून कपाळाऐवजी कमरेला बांधते, त्यामुळे दगडांच्या सावल्या उठून दिसतात आणि खोली समजते.

दुसरी आहाराची. वय वाढते तसे तेवढाच स्नायू राखायला प्रथिने अधिक लागतात. एक वाटी वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, म्हणून शाकाहारी माणसाने ताट मुद्दाम आखावे लागते. मी प्रत्येक जेवणात कडधान्याची उसळ आणि दही, शिवाय सायंकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे असा नेम केला. पाळी गेल्यानंतर हाडांची घनता तपासून घेतली, ती कमी निघाली, आणि त्यामुळे ताकदीचे व्यायाम माझ्यासाठी ऐच्छिक राहिले नाहीत. पुरुषांनीही साठीच्या आसपास डॉक्टरांना याबद्दल विचारावे.

आणि वयाने मन खचत असेल तर २०१५ ची अमेरिकेतील वेस्टर्न स्टेट्स शर्यत आठवावी. शंभर मैलांसाठी तीस तासांची मर्यादा असते. ७० वर्षांच्या गनहिल्ड स्वॉन्सन यांनी ती २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंदांत पूर्ण केली. मला त्यांच्या उरलेल्या सहा सेकंदांचे अपार कौतुक वाटते.

सातारकर (वय ५८)

सर्वांचे मनापासून आभार. मलनाड पुढच्या वर्षावर टाकली आहे आणि मुंबईसाठी नाव नोंदवणार नाही. डॉक्टर, गोळीच्या पाकिटावर पाहिले. टेल्मिसार्टनसोबत लघवीचे औषध आहेच, आणि गेल्या डिसेंबरमध्ये मी वाटेत दोन वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. उद्याच आमच्या डॉक्टरांना भेटतो. एक शंका उरली आहे: उतारासाठी दोन काठ्या घ्याव्यात का?

टेकडीवरचा वाटसरू (पुणे, वय ६४)

आयोजकांच्या नियमांत परवानगी असेल तर अवश्य घ्याव्यात, पण सरावाच्या पहिल्या दिवसापासून. शर्यतीत प्रथमच हातात घेतलेली काठी पायात येते. चढाला थोडी आखूड करावी, उताराला लांब. घसाऱ्यावर मात्र मनगटातला पट्टा काढून ठेवावा, म्हणजे तोल गेलाच तर काठी सुटते आणि हात मोकळा राहतो.