रिसीव्हरवर सेटटॉप बॉक्स आणि नागपूरचा नवतपा

सोल्डरगन :
'दोनखोल्या' यांनी काल लिहिले की, रॅकला जागा नसेल तर उपकरणे खुशाल एकावर एक ठेवावीत, हवा खेळती ठेवण्याच्या सूचना कंपन्या केवळ हात झटकण्यासाठी छापतात, आणि त्यांच्या शोकेसमध्ये बारा वर्षे रिसीव्हर (स्पीकर वाजवणारे मुख्य यंत्र), त्यावर सेटटॉप बॉक्स व त्यावर सीडी प्लेअर सुखाने नांदत आहेत. नांदोत बापडे, पण नागपुरात बसून हा सल्ला इतरांना देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

अनेक रिसीव्हरच्या पुस्तिकेत भोवतालच्या तापमानाची मर्यादा 35 अंश दिलेली असते. मेअखेरच्या नवतपात, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, बाहेर पारा 45 वर गेला की गच्चीखालच्या खोलीत 38-39 सहज असतात, म्हणजे बटण दाबण्याआधीच ती मर्यादा ओलांडलेली असते. एबी वर्गाचा, म्हणजे जुन्या, जास्त तापणाऱ्या पद्धतीचा, सात स्पीकर-वाहिन्यांचा रिसीव्हर गाणे न लावताही साधारण 40 ते 60 वॅट ओढतो, त्याची उष्णता होते आणि ती मुख्यतः झाकणावरच्या जाळीतूनच बाहेर पडते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांचे) आयुष्य दर 10 अंशांच्या वाढीमागे ढोबळमानाने निम्मे होते. त्यामुळे उपकरण त्या दिवशी जळत नाही आणि 'आमच्याकडे काही झाले नाही' असे म्हणायला माणूस मोकळा राहतो.

मीही तसाच मोकळा होतो. एका मे महिन्यात सेटटॉप बॉक्स उचलायला गेलो, तर त्याच्या चार रबरी पायांपैकी तीन रिसीव्हरच्या झाकणालाच चिकटून राहिले. झाकण उघडले, तेव्हा वीजपुरवठ्याच्या बोर्डावरचे दोन कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले दिसले. तेव्हा तापणारे उपकरण सर्वांत वर ठेवावे, त्याच्यावर निदान 10 सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी आणि शोकेसची काच गाणी ऐकताना उघडी ठेवावी.

दोनखोल्या :
आपल्या उपदेशाबद्दल आभार. आमच्या दोन खोल्यांत पाच माणसे, देवघर आणि शिलाई मशीन आहे. तिथे 10 सेंटिमीटर रिकामी जागा म्हणजे चैन आहे. शिवाय आपण तापणारे ते वर म्हणता, म्हणजे 12 किलोचा रिसीव्हर मी सीडी प्लेअरच्या पापडासारख्या पत्र्यावर ठेवायचा काय? तो पत्रा दबला की ट्रे अडकणार, आणि मग त्याचीही करुण कहाणी आपणच लिहाल. नव्या डी वर्गाचे ॲम्प (ॲम्प्लिफायर) 85-90 टक्के कार्यक्षम असतात, म्हणजे थोडीच वीज उष्णतेत जाते; माझ्या मुलाचे तसले ॲम्प तासभर वाजल्यावरही हाताला जेमतेम कोमट लागते. आपला इशारा जुन्या यंत्रांपुरता आहे, हे लिहायला आपण सोयीस्करपणे विसरलात.

जुनीतबकडी :
आपण दोघेही उष्णतेपाशीच अडला आहात. माझ्या रेकॉर्ड प्लेअरला कित्येक महिने घुमणारा आवाज होता, मी अर्थिंग बदलले, वायरी बदलल्या, आणि दोष निघाला तो खालच्या ॲम्पमधल्या ट्रान्सफॉर्मरचा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (प्लेअरची सुई बसवलेल्या भागाचा) संकेत जेमतेम 5 मिलिव्होल्टचा असतो. ट्रान्सफॉर्मरच्या 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रात तो सहज बुडतो. मोटर बंद ठेवून, आवाज वाढवून प्लेअर हातभर डावीकडे सरकवला, तशी घुमघुम विरत गेली.

वाळ्याचीताटी :
नागपुरात उपकरणे उष्णतेने नव्हे, कूलरने मरतात. शोकेससमोर कूलर लावलेल्या घरांत मी आरसीए वायरींची हिरवी पडलेली टोके पाहिली आहेत. बोअरच्या पाण्यातले क्षार कूलरच्या ताट्यांवर साचतातच, आणि ताट्या नीट बसवलेल्या नसल्या तर त्याच पाण्याचे बारीक तुषार थेट ॲम्पवर येतात.

सोल्डरगन :
तुषार येत असतील तर दोष ताट्यांचा आहे. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलरने आर्द्रता वाढूनही ती पावसाळ्याच्या आसपास जात नाही, आणि खोली चारदोन अंशांनी उतरते ती वेगळीच. उपकरणाला कूलरचा उपकारच आहे.

वाळ्याचीताटी :
आपण घरी आर्द्रता मोजली आहे की हे सारे खुर्चीत बसून ठरवले? लोक जुलैतही कूलरचा पंप सुरू ठेवतात, तेव्हा हवा थंड होत नाही, फक्त भिंती घामेजतात. माझ्या सीडी प्लेअरची लेझर काच अशाच एका जुलैत धूसर झाली. दुरुस्तीवाल्याने चक्क 'धूळ आहे' म्हणून पैसे घेतले, आणि हे दुरुस्तीवाले तर...

जुनीतबकडी :
दुरुस्तीवाल्यांवर पुन्हा केव्हा तरी बोलू. पावसाळ्यात पंप बंद ठेवावा, हे मान्य. पण आता हा धागा कूलरचाच झाला असेल, तर माझ्या ट्रान्सफॉर्मरचे बोलणे कूलरच्या टाकीत गेले असे समजतो.

सोल्डरगन :
आर्द्रता मी मोजलेली नाही, हे कबूल करतो. पत्र्याविषयी 'दोनखोल्या' यांचे म्हणणेही बरोबर आहे. मी ते लिहायला हवे होते. सुताराकडून 18 मिलिमीटर प्लायवूडची फळी आणि चार ठोकळे घ्यावेत, सीडी प्लेअरवर त्याचा पूल करावा, म्हणजे भार शोकेसच्या फळीवर जातो आणि पत्र्याला कशाचाही स्पर्श होत नाही. उंची उरत नसेल, तर संगणकातला 12 व्होल्टचा 120 मिलिमीटरचा पंखा 5 व्होल्टवर रिसीव्हरच्या मागे चालवावा. या वेगाला तो ऐकूही येत नाही. डी वर्गाचे ॲम्प कमी तापते, हेही खरे. पण आपल्या शोकेसमध्ये ते नाही, एबी वर्गाचा रिसीव्हरच आहे, असे आपल्याच कालच्या लेखावरून दिसते.

दोनखोल्या :
आपला तपास सूक्ष्म आहे, यात शंका नाही. आज दुपारी अर्धा तास रिसीव्हर चालवून सेटटॉप बॉक्सखाली बोटे घातली आणि ती ताबडतोब बाहेर काढली. बॉक्स आता टीव्हीमागे दुहेरी टेपने चिकटवला आहे. मोकळ्या झालेल्या गरम झाकणावर अर्ध्या तासात आमची मांजर येऊन बसली असून जाळी तिने संपूर्ण झाकली आहे. तिच्यासाठी किती मिलिमीटरची फळी लागेल, तेही कृपया कळवावे.