मदत हवी आहे: दाढ काढल्यावर खायला काय द्यावं? (मधुमेह आहे, गोड चालणार नाही)

सावलीतली_मी:

नमस्कार मंडळी,

काल आईची खालची अक्कलदाढ काढली. आडवी होती, हिरडी कापून काढावी लागली, टाके घातलेत. निघताना डॉक्टरांनी एक छापील कागद हातात ठेवला. घरी येऊन वाचते तर आइस्क्रीम, मिल्कशेक, पुडिंग, जेली. आईला मधुमेह आहे, रोजच्या गोळ्या आहेत, म्हणजे ती यादी जवळजवळ सगळीच बाद. त्यात तिला गोड मुळातच आवडत नाही.

कालपासून नुसतं दूध आणि गार केलेलं सूप चाललंय. तोंड जेमतेम बोटभर उघडतं. गाल सुजलाय आणि आज सकाळी कालच्यापेक्षा जास्त दिसतोय. दुखण्याच्या गोळ्या पोटात काहीतरी घालूनच घ्यायच्या आहेत, पण दोन घोट सूप म्हणजे "काहीतरी" होतं का, हेच कळत नाही. आज तर वैतागून म्हणाली, "दाढ काढलीय माझी, तान्हं बाळ नाहीये मी."

पोटभरीचं, गोड नसलेलं, न चावता खाता येईल असं काय देऊ? भात कधीपासून चालेल? खाऊन झाल्यावर त्या खड्ड्यात अन्न अडकलं तर काय करायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

चष्मेबद्दूर:

अहो, दोन दिवस आइस्क्रीम खाल्लं तर काही होत नाही. थंडाव्याने सूज उतरते. माझ्या दोन दाढा काढल्या तेव्हा मी तेवढ्यावरच होतो, मजेत.

---

उंबरठा:

तुम्हाला मधुमेह नाही म्हणून मजेत. ताई, शुगर वाढलेली राहिली तर जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्गाची भीतीही वाढते, त्यामुळे हे मनावर घेऊ नका. थंडावा हवा असेल तर फडक्यात बर्फ गुंडाळून गालावर बाहेरून धरा. दहा-पंधरा मिनिटं धरायचा, मग तेवढाच वेळ थांबायचं. पहिल्या दिवशी याचा उपयोग सगळ्यात जास्त.

---

मधली_सुट्टी:

मी दंतवैद्य आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी सुजेबद्दल. अशा शस्त्रक्रियेनंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरू लागते. तोंड कमी उघडणंही अपेक्षित आहे, कारण जबड्याचे स्नायू आखडतात. बळेच उघडायला लावू नका. लहान मुलांचा चपटा चमचा घ्या आणि दुसऱ्या बाजूने भरवा. त्या चमच्यावरून पुन्हा बोलणी बसतील, पण काम त्यानेच होईल.

आता खाण्याचं. लोक "मऊ" एवढंच लक्षात ठेवतात. खरं जपायचं असतं ते दाढेच्या जागी धरलेल्या रक्ताच्या गुठळीला. जखमेवरच्या खपलीसारखं तिचं काम असतं, खालचं हाड आणि नसा ती झाकून ठेवते. ती निघून गेली तर ड्राय सॉकेट होतं, आणि ते दुखणं कानापर्यंत जातं. म्हणून प्रत्येक पदार्थाला तीन गोष्टी विचारायच्या: गरम आहे का? ओढून प्यावा लागतो का? त्यात बारीक कण आहेत का? मिल्कशेक मऊ आहे, पण स्ट्रॉने ओढला तर वाईटच. खसखस, तीळ, बिया असलेली फळं, बिस्किटाचा चुरा हे सगळं तोंडात नरम लागतं आणि नेमकं खड्ड्यात जाऊन बसतं. स्ट्रॉ आठवडाभर नकोच. सूपही ओरपायचं नाही, वाटीला ओठ लावून सावकाश घ्यायचं. गरम किती चालेल, तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. चटका सोडाच, ऊबही फारशी जाणवायला नको.

पोटभरीचं म्हणाल तर अंडं चालत असेल तर पहिलं तेच. मंद आचेवर दूध घालून हलवत शिजवायचं आणि ओलसर असतानाच उतरवायचं. कडा कोरड्या झाल्या की त्याचे कण होतात. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, कपभर दुधातही 8 ग्रॅमच्या आसपास. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि नुसत्या पातळ सुपात ती फारशी नसतात. अंडं नको असेल तर डाळ पूर्ण विरघळेपर्यंत शिजवून, गाळून, घट्टसर ठेवा. उकडलेला बटाटा किंवा लाल भोपळा लोणी-दूध घालून घोटा. बिनसाखरेचं घट्ट दही. पिकलेलं अॅव्होकाडो मिळत असेल तर ते कुस्करून, मीठ लावून. मीठ, जिरेपूड, थोडं तूप किंवा लोणी यांना बंदी नाही. मिरची, लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो मात्र टाके असेपर्यंत झोंबतील.

भात आज नको. सुटा भात तर आठवडाभर नको, शितं अडकतात. उद्यापासून अगदी गुरगुट्या शिजवून, घोटून, दह्यात किंवा डाळीत मिसळून देऊन बघा.

दोन घोट सूप म्हणजे "काहीतरी" नव्हे. वाटीभर दही किंवा अंडं पोटात गेलं की मग दुखण्याची गोळी. अँटिबायोटिकचं नाव बघा. डॉक्सिसायक्लिन असेल तर ती दुधा-दह्यासोबत नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. अॅमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही.

अडकलेलं अन्न टूथपिकने किंवा बोटाने काढायचं नाही, मग ते कितीही दिसत असो. चोवीस तास झाले की कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर तोंडात घ्या, मान या बाजूला, मग त्या बाजूला झुकवा आणि पाणी आपोआप बाहेर पडू द्या. खळखळून चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही. खड्ड्यात पांढरट थर दिसला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो जखम भरण्याचाच भाग असतो.

---

उंबरठा:

एक राहिलं. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर उतरवतात. आईंचं खाणं निम्म्यावर आलंय, त्यामुळे गोळी तेवढीच घ्यायची का, हे त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. घरी ग्लुकोमीटर असेल तर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. हात थरथरले, दरदरून घाम आला, साखर 70 च्या खाली दिसली, तर तेव्हा मात्र गोडच: तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून कपातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची.

उलट बाजूही आहे. खूप शिजवून घोटलेला भात किंवा बटाटा साखर भराभर वाढवतो. गोड लागत नाही म्हणून बिनधास्त वाटीवर वाटी देऊ नका. सोबत अंडं, दही, डाळ असू द्या.

---

पाटीवरची_रेघ:

धाग्यात घुसतोय, माफी. माझं रूट कॅनाल चालू आहे, तात्पुरतं फिलिंग आहे. मलाही हेच पथ्य का?

---

मधली_सुट्टी:

नाही हो. तिथे उघडी जखम नाही, गुठळीचा प्रश्न नाही. बधिरपणा असेपर्यंत काही चावू नका, नाहीतर गाल किंवा जीभ कधी चावली गेली ते कळतही नाही. खालच्या जबड्याचा बधिरपणा तीन-चार तासही टिकतो. पुढे पक्कं फिलिंग किंवा कॅप बसेपर्यंत त्या बाजूने चावायचं नाही, चिकट टॉफी आणि च्युइंगगम बंद. बाकी जेवण नेहमीचं.

---

सावलीतली_मी:

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, त्यांनी एक गोळी तूर्त निम्मी करायला सांगितली आणि साखर सकाळ-संध्याकाळ कळवायला सांगितली. अँटिबायोटिक अॅमॉक्सिसिलिनच आहे. दुपारी मऊ अंडं दिलं, लोणी आणि जिरेपूड घालून. संपवलं, आणि "मीठ कमी आहे" असंही ऐकवलं.

दुखणं वाढतंय की कमी होतंय, हे कशावरून ओळखायचं?

---

मधली_सुट्टी:

मीठ कमी लागलं म्हणजे जीभ ठिकाणावर आहे!

दुखणं रोज थोडं थोडं उतरायला हवं. उतरलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम उसळलं, कानाकडे जाऊ लागलं, तोंडाला घाण वास किंवा चव आली, तर ड्राय सॉकेट असू शकतं. दवाखान्यात जा. तिथे जखम धुऊन औषध भरतात आणि बऱ्याचदा लगेच बरं वाटतं. ताप आला, किंवा तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच राहिली तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, सूज गळ्याकडे उतरली, तर वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात.