मदत हवी: घरी ७.२ चा चार्जर घेऊ का ११ चा? आजच ठरवायचंय

विजापूर_रोड • गुरुवार, सकाळी ७:५२
सरळ मुद्द्यावर येतो. घरी गाडीचं चार्जिंग मधेच बंद पडतं. रोजचा वैताग झालाय. सकाळी उठून बघावं तर ६५-७० टक्के. आज बार्शीला जायचंय आणि गाडीत ७० आहे. मागच्या वेळी येताना ९ टक्के उरले होते, वैरागपासून एसी बंद करून काचा खाली घेऊन आलो. तेही सोलापूरच्या उन्हात.
एक एजन्सीवाला ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर बसवून ४६ हजार म्हणतोय. ११ चा घेतला तर पुढची वीस वर्षं बघायला नको म्हणे. संध्याकाळपर्यंत अॅडव्हान्स दिला नाही तर रेट वाढणार. कुठला घेऊ तेवढं सांगा. गाडी विका, डिझेल घ्या असले सल्ले नकोत.

कडक_भाकरी • ८:०५
मालक, गाडी कुठली ते तर सांगा. नवरी बघायच्या आधी हॉल बुक करायलाव.

विजापूर_रोड • ८:११
टियागो. पण मी चार्जरचं विचारलंय.

डिझेलप्रेमी • ८:२०
डिझेल घ्या म्हणत नाही, पण एवढंच सांगतो. तुमची वीज येते कुठून? फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प तुमच्या उशालाच आहे. म्हणजे गाडी कोळशावरच चालते. फक्त धूर दुसऱ्याच्या शेतावर.

विजापूर_रोड • ८:२२
आलंच हे.

मोजूनमापून • ८:४७
टियागो म्हणजे कुठली? १९.२ युनिटची बॅटरी की २४ ची? आणि २४ ची असेल तर गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा की ७.२ चा? कागदपत्रांत व्हेरियंट लिहिलेला असतो. शिवाय: आत्ता चार्जिंग कशावर करता, सॉकेट कुठून काढलंय, वायर किती एमएमची, घराला फेज किती, बिलावर मंजूर भार किती. हे कळल्याशिवाय ४६ हजारांचं कोण काय सांगणार?

विजापूर_रोड • ९:०२
२४ ची, ३.३ वाली. गाडीबरोबर आलेल्या चार्जरवर करतो, साध्या १५ अँपिअरच्या पिनवर. बाकीचं वायरमनला माहीत. ३.३ आहे म्हणूनच तर ७.२ चा घेतोय, लवकर होईल ना.

तारतंत्री • ९:१५
नाही होणार! थांब, पैसे देऊ नकोस. चार्जर गाडीच्या पोटात आहे. भिंतीवर जे बसवतात तो नुसता शहाणा स्विच. तो गाडीला सांगतो की माझ्याकडे एवढे अँपिअर आहेत, ओढायचे किती ते गाडी ठरवते. तुझी ३.३ च्या वर ओढूच शकत नाही. भिंतीवर ७.२ लाव नाहीतर ७० लाव. दोन इंची पाइपला पाव इंची तोटी लावल्यावर बादली तेवढ्याच वेळात भरणार ना?
आणि ११ ला तर तीन फेज लागतात, प्रत्येकी १६ अँपिअर. तुझी गाडी एकच फेज घेते. वीस वर्षं बघायला नको हे मात्र खरं, बघण्यासारखं काही होणारच नाही.
२८ वर्षं वायरिंगचं काम केलंय, म्हणून अरे-तुरे. राग मानू नको.

विजापूर_रोड • ९:२१
राग नाही काका. पण मग एजन्सीवाल्यानं गाडी कुठली हे विचारलंसुद्धा नाही.

कडक_भाकरी • ९:२३
तुम्हीबी आम्हाला सांगितलं नव्हतं की.

सूर्यपुत्र • ९:४०
मूळ प्रश्नच चुकलाय. सोलार बसवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. सोलापुरात ऊन फुकट, एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरा. मी बसवल्यापासून बिल बघितलेलं नाही. टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) मीटर असेल तर दिवसा ९ ते ५ सवलतही मिळते, रात्री चार्जिंग करणं हा जुना विचार झाला.

विजापूर_रोड • ९:४४
मी दिवसा ९ ते ५ गाडीत असतो दादा. औषधांची फिरती आहे. अक्कलकोट, तुळजापूर, बार्शी. रोज ११०-१२० किमी.

सूर्यपुत्र • ९:४६
नेट मीटरिंग आहे ना. दिवसा द्यायची, रात्री घ्यायची.

मोजूनमापून • ९:५८
सोलारचा वेगळा धागा काढा ना. यांचं चार्जिंग बंद पडतंय, पॅनेल लावून ते चालू होणार आहे का?
विजापूर रोड, १२० किमीला तुमचे अंदाजे १५ युनिट बॅटरीतून जातात, भिंतीतून १७ घ्यावे लागतात. या पिनवर ताशी पावणेतीन-तीन युनिट बॅटरीत पडतात. म्हणजे रात्री ११ ला लावली तर पहाटे चार-साडेचारला भरायला हवी. वेळ पुरतो. तुमचा चार्जर लहान नाहीये, तो थांबतोय. का थांबतोय ते शोधा. थांबतो किती वाजता?

विजापूर_रोड • १०:३०
अॅपवर काल २:४० दाखवतंय. लावली ११:१५ ला, तेव्हा ३१ टक्के होते.

भाड्याचं_घर_पुणे • १०:४१
आमच्या सोसायटीत चेअरमन एनओसी देत नाहीत. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून लाइन घ्यायला परवानगी लागते का? केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते असं आहे ना? कृपया मार्गदर्शन करावे.

तारतंत्री • १०:५५
पुणेकर, तसं आहे, पण चेअरमनला ते छापून दाखवावं लागतं. वेगळा धागा काढा.
विजापूर रोड, बंद पडण्याचं पहिलं कारण अर्थिंग. आपल्याकडची जमीन मुरमाड, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा खडखडीत वाळतो. मीठ-कोळसा नुसता पडून राहतो, करंट जायला ओल नाही. चार्जरला अर्थ नीट मिळाली नाही की तो लाल दिवा लावून गप्प बसतो. मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट बघ. दोन-तीनच्या आत पाहिजेत. जास्त आले तर खड्ड्यात पाणी घाल.

कडक_भाकरी • १०:५८
काका, इथं माणसाला प्यायला चार दिवसांआड पाणी येतंय, खड्ड्याला कुठनं घालायचं बे?

केबलवाला • ११:१०
मीठ-कोळसा आता कोण करतं. केमिकल अर्थिंग करा, देखभाल नाही.

तारतंत्री • ११:१४
केमिकल म्हणून पिशवीत काय भरून देतात ते मी उघडून बघितलंय. मीठ-कोळसा जुना असेल, पण पाणी घातलं की उठतो. आयएस ३०४३, अर्थिंगचं भारतीय मानक, वाचा आधी.

केबलवाला • ११:१६
वाचलंय. तुमच्या आधी.

मोजूनमापून • ११:३०
दोघांनी जरा थांबा. अर्थिंग खराब असती तर रोज थांबलं असतं, आणि लावल्या लावल्या थांबलं असतं. साडेतीन तास नीट चालून २:४० ला नाही. विजापूर रोड, खरोखर रोज बंद पडतं का? अॅपमधला इतिहास बघून तारखा सांगा.

विजापूर_रोड • दुपारी १:०५
बार्शीत जेवायला थांबलोय. बघितलं. रोज नाही. काल बुधवारी रात्री. त्याआधी शुक्रवारी. त्याआधीच्या रविवारी. वेळ २:३५ ते २:५०. मधल्या रात्री १०० टक्के झालीय, ते लक्षातच नव्हतं.

मोजूनमापून • १:०९
रविवार, शुक्रवार, बुधवार. बरोबर पाच-पाच दिवसांनी. तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं?

विजापूर_रोड • १:१२
ताई, पाण्याचा काय संबंध?

कडक_भाकरी • १:१३
अगायायाया.

डिझेलप्रेमी • १:२०
नळाला डायरेक्ट मोटर लावता म्हणजे. तुमच्यासारख्यांमुळे आमच्या गल्लीत धार येत नाही.

विजापूर_रोड • १:२४
नळाला नाही हो, हौदातनं वरच्या टाकीत चढवायची मोटर आहे. एक एचपी. पाणी रात्री अडीचच्या सुमाराला येतं. पण मोटर मी लावत नाही, आई उठते. मी झोपलेला असतो.

तारतंत्री • १:४०
मोटरची पिन कुठल्या सॉकेटमध्ये लावतात तुझी आई?

*(पुढचे पाच तास मूळ लेखकाकडून उत्तर नाही. दरम्यान टेंभुर्णीच्या पुढे फास्ट चार्जर कुठे बरा, यावर १७ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)*

विजापूर_रोड • संध्याकाळी ६:५५
घरी आलो. सांगायला लाज वाटतेय.
जिन्याखाली एकच १५ अँपिअरचं सॉकेट आहे. आई गाडीची पिन काढते, मोटरची लावते, टाकी भरली की मोटरची काढते. विचारलं, मग गाडीची परत का लावत नाहीस? म्हणाली, "हाताला चटका बसला रे. इस्त्रीसारखी तापलेली पिन. म्हटलं काहीतरी बिघडलंय, राहू दे." मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "सांगितलं होतं रविवारी. तू फोनवर होतास. हूं म्हणालास."

मोजूनमापून • ७:०१
आता खरा प्रश्न सुरू झाला. आज रात्री गाडी त्या सॉकेटला लावू नका. टॉर्च मारून बघा, सॉकेटची भोकं पिवळी-तपकिरी झालीत का?

विजापूर_रोड • ७:१०
उजवीकडचं झालंय. पिनेचा एक पायही काळपट आहे. वास येतो, जळक्या बॅकेलाइटचा.

तारतंत्री • ७:३२
तेच. हिशोब सांगतो. गाडी १३-१४ अँपिअर ओढते आणि सलग सहा तास ओढते. गिझर पंधरा मिनिटांत कटऑफ होतो, मिक्सर दोन मिनिटं. घरातलं दुसरं कुठलंच उपकरण सॉकेटला एवढा वेळ छळत नाही. आतला स्क्रू सैल असेल, नाहीतर मोटरची पिन काढून-घालून स्प्रिंग ढिली झाली असेल. तिथं ०.२ ओहमचा अडथळा आला तरी १४ गुणिले १४ गुणिले ०.२, म्हणजे जवळपास ४० वॅट. सोल्डरिंगची कांडी असते तेवढ्याची! ती तू भिंतीत रात्रभर पेटती ठेवायलास.
एमसीबी याला पडत नाही. त्याला करंट जास्त दिसला तर तो पडतो, इथं करंट बरोबरच आहे, फक्त सांधा तापतोय. आईचे पाय धर.

केबलवाला • ७:४०
तारतंत्रींशी पहिल्यांदाच सहमत. सॉकेट बदलून भागणार नाही, वायर कुठून आलीय ते बघा.

विजापूर_रोड • शनिवार, दुपारी ४:२०
अपडेट. वायरमन आला होता. सॉकेटची लाइन जिन्याच्या दिव्याच्या पॉइंटवरून मारलेली. वायर १.५ एमएम! न्यूट्रलचा स्क्रू बोटानं फिरत होता आणि वायरचं इन्सुलेशन भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं हातात आलं. मी फोटो काढला, आईनं बघितला, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
आता मेन बोर्डापासून १८ मीटर वेगळी लाइन टाकली, ४ एमएम तांब्याची, २० अँपिअरचा एमसीबी. नवीन चांगलं १६ अँपिअरचं सॉकेट, फक्त गाडीला. मोटरला वेगळा बोर्ड. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरचा. वायरमन साधा एसी टाइप लावत होता.

मोजूनमापून • ४:२६
लावू दिलात?

विजापूर_रोड • ४:३१
नाही, तुमच्या दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं होतं. गाडीतून डीसी गळती झाली तर एसी टाइप आंधळा होतो, म्हणून ए टाइप मागवला. सगळं मिळून ७,८५०. न्यूट्रल-अर्थ ११ व्होल्ट आले होते, खड्ड्यात तीन बादल्या घातल्यावर ४ वर आलेत. मंजूर भार ३ किलोवॅट होता, ५ साठी ऑनलाइन अर्ज केलाय.

तारतंत्री • ४:५०
अजून एक बादली. ४ म्हणजे बरंच उतरलं, पण अजून पास नाही.

सूर्यपुत्र • ५:१५
महिन्याला सव्वाचारशे युनिट वाढणार, वरच्या स्लॅबमध्ये जाणार. तेव्हा माझी आठवण येईल.

मोजूनमापून • ५:२२
हे मात्र बरोबर बोलले. ईव्हीचा दर घरगुती स्लॅबपेक्षा वेगळा आहे, गाडीला वेगळं मीटर घेऊन परवडतं का ते महावितरणमध्ये विचारून या.

टॉप_व्हेरियंट • रविवार, रात्री ९:०३
सगळा धागा वाचला नाही. ११ चा घ्या डोळे झाकून. फ्यूचर प्रूफ.

कडक_भाकरी • ९:०५
भाऊ, डोळे उघडून वरचा धागा वाच आधी.

विजापूर_रोड • सोमवारची रात्र, २:५२
पाणी आलंय. आज मीच उठलो. मोटर चालू, गाडी चालू, ८८ टक्के. पिनेला हात लावून बघितला, कोमट आहे. आई म्हणते उठलाच आहेस तर वर जाऊन टाकीचं झाकण लाव.

तारतंत्री • २:५८
नळाला धार आहे तोवर खड्ड्यात दोन बादल्या ओत. नंतर शनिवारीच.