मदत हवी आहे: विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाचा हिशोब कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

एका राज्य विद्यापीठात शिकवतो. नाव मुद्दाम देत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनी कृपया ते नाव इथे लिहू नये. आमच्या प्रकाशन विभागाचं पुढे काय करायचं, यावर व्यवस्थापन परिषदेपुढे टिपण ठेवायचंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. वित्त विभागाचं म्हणणं एका ओळीचं आहे: "ऑक्सफर्डला जमतं, मग आपल्या विभागाला स्वतःच्या पायावर उभं राहायला काय होतं?" सोबत सूचनाही आहे की विभाग बंद करावा, लागेल ती छपाई निविदा काढून बाहेरून घ्यावी आणि शिल्लक साठ्याचं निर्लेखन करून टाकावं, म्हणजे तो हिशोबातून काढून टाकावा.

विभाग म्हणजे काय तर अतिरिक्त कार्यभारावरचे एक सहायक कुलसचिव, एक लिपिक आणि निवृत्तीला टेकलेले एक मुद्रितशोधक. ते गेले की पद गोठणार, हे सगळ्यांना माहीत आहे. गोदामात जुने गठ्ठे आहेत हे खरंच. पण लोक ज्याची मागणी करतात ते नेमकं संपलेलं असतं. उदाहरण देतो. मोडी कागदपत्रांचा एक संपादित खंड आमच्याकडे आहे. अभ्यासक अजून त्याबद्दल विचारतात. त्याची फाइल पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या श्रीलिपी फाँटात. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणली की रफार उड्या मारतात आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. एवढंच असतं तर कुणीही दुरुस्त केलं असतं. पण मूळ कागदात लेखकूने काय लिहिलंय आणि रूपांतरात काय बिघडलंय, हे मोडी वाचणाऱ्यालाच कळणार. असा माणूस तीन दरपत्रकं मागवून मिळत नाही.

आता ऑक्सफर्डचं. ते प्रकाशन विद्यापीठाचाच एक विभाग आहे आणि विद्यापीठाला पैसे देतं, हे खरं. पण ती कमाई शालेय पुस्तकं, इंग्रजी शिकण्याची पुस्तकं, कोश आणि नियतकालिकं यांच्यातून येते. मध्ययुगीन करपद्धतीवरच्या प्रबंधातून नव्हे. केंब्रिजने तर २०२१ मध्ये आपलं प्रकाशन आणि परीक्षा घेणारी संस्था एकत्रच करून टाकली. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठ प्रकाशनांना मूळ विद्यापीठ दरसाल काहीतरी देतं, आणि दर काही वर्षांनी तिथेही कुणीतरी आमच्या वित्त विभागासारखाच प्रश्न विचारतो. मिसुरी विद्यापीठाने २०१२ मध्ये वर्षाचे ४ लाख डॉलर वाचवायला प्रकाशन बंद करायचं जाहीर केलं आणि काही महिन्यांत निर्णय फिरवला. स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने २०१९ मध्ये १७ लाख डॉलरचं वार्षिक साहाय्य थांबवायचं ठरवलं. अध्यापकांनी आणि बाहेरच्या अभ्यासकांनी ओरड केल्यावर आणखी वर्षभराचे पैसे द्यावे लागले.

एवढं हाताशी आहे. पण "तिकडेही तोटाच आहे" हा काही आपल्या बाजूचा युक्तिवाद होत नाही. पैसे नेमके कशासाठी मागावेत, कोणत्या लेखाशीर्षाखाली मागावेत, आणि पुस्तकाची पीडीएफ मोफत ठेवली तर छापील प्रती आणखी पडून राहतील का, हे मला कळत नाहीये. कुणी अशा विभागात काम केलं असेल तर सांगा.

खिळेजुळारी

@धागाकर्ता, आधी एक तपासा. तुमच्या अंदाजपत्रकात "मुद्रणालय व प्रकाशन" असं एकच शीर्ष आहे का? बऱ्याच ठिकाणी असतं. मग उत्तरपत्रिका, प्रवेश अर्ज, प्रमाणपत्रं, वार्षिक अहवाल, सगळं त्यात जातं आणि आकडा फुगला की बोट पुस्तकांकडे दाखवतात. दोन्ही वेगळे करून मांडा. पुस्तकांवरचा खरा खर्च पाहून तुमचा वित्त विभागच चकित होईल.

दुसरं, पाचशे-हजार प्रती काढायची सवय सोडा. ऑफसेटला प्रती वाढल्या की दर प्रत स्वस्त दिसते म्हणून जास्त छापतात आणि मग गोदामाला पोसत बसतात. वीस फॉर्म्यांचं (एक फॉर्मा म्हणजे सोळा पानं) पुस्तक आता डिजिटलवर पन्नास प्रतींचंही निघतं. दर प्रत महाग पडते, पण पैसा अडकत नाही. शिवाय छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, म्हणून कागद-छपाईवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. तो खर्च किमतीत धरा, लोक विसरतात.

आणि सार्वजनिक ग्रंथालयं जिच्यातून खरेदी करतात त्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तकं पाठवता का? विद्यापीठांना हे सुचतच नाही.

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जी पुस्तकं कुणी विकत घेत नाही ती करदात्याच्या पैशाने का छापायची? पीडीएफ टाका, मोकळे व्हा.

धागाकर्ता

@रोखठोक, राग नाही. पण पीडीएफ टाकायच्या आधी ती कुणीतरी तयार करावी लागते. वरचं 'दुसर्या' पीडीएफमध्येही 'दुसर्या'च राहतं.

आणि विक्रीचं म्हणाल तर तमाशातल्या दलित स्त्रियांवरचा महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ २०२२ मध्ये कुणी काढला? स्टॅनफर्डने, म्हणजे त्याच्या तीन वर्षं आधी ज्यांचे पैसे तोडायला निघाले होते त्यांनीच. महात्मा फुल्यांच्या चळवळीवरचा १९८५चा ग्रंथ केंब्रिजचा. यातलं काही खपाच्या हिशोबाने आधी मंजूर झालं असेल असं मला वाटत नाही. आपल्या मातीतला विषय आपल्याकडे कोण छापणार, हा माझा प्रश्न आहे.

दूरदेशी

मी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठ प्रकाशनात संपादन विभागात आहे. तुमच्या टिपणाला उपयोगी पडेल असं सांगते.

२०१६ मध्ये इथाका या उच्च शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संस्थेने वीस विद्यापीठ प्रकाशनांचे हिशोब तपासले होते. एका संशोधनग्रंथाचा खर्च सर्वांत कमी १५,१४० डॉलर आणि सर्वांत जास्त १,२९,९०९ डॉलर निघाला. त्यातला मोठा वाटा माणसांच्या वेळेचा होता: विषय शोधणं, लेखकाच्या मागे लागणं, बाहेरच्या तज्ज्ञांकडून हस्तलिखित तपासून घेणं, अध्यापकांच्या मंडळापुढे ते मांडणं. आकडे आपल्याकडे लागू नाहीत, पण रचना लागू आहे. तेव्हा छपाईसाठी पैसे मागू नका. परीक्षण, संपादन आणि सूची यांसाठी दर पुस्तकामागे ठरावीक रक्कम मागा. वाचक पैसे मोजायला तयार नसतो ते छापील प्रतीसाठी. ही मेहनत तर पुस्तक मोफत दिलं तरी करावीच लागते.

मोफत ठेवण्याबद्दल: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं यूसीएल प्रेस २०१५ पासून सगळीच पुस्तकं खुली ठेवतं आणि छापील प्रतीही विकतं. पण तिथे खर्च विद्यापीठ उचलतं. खुलं म्हणजे बिनखर्चाचं नव्हे, हे टिपणात ठळक लिहा, नाहीतर तेवढाच शब्द उचलून अनुदान कापतील.

अजून एक. इथली अनेक छोटी प्रकाशनं स्वतःचं गोदाम ठेवत नाहीत. साठवण आणि पाठवणीचं काम शिकागो विद्यापीठाच्या वितरण केंद्राकडे सोपवतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मिळून एक गोदाम, एक विक्री खिडकी आणि एक मोडी जाणणारा संपादक का ठेवू नये?

खिळेजुळारी

@दूरदेशी, मिळून करण्याचा प्रयोग इकडे झालाय. १९६८ नंतर केंद्राने प्रादेशिक भाषांतल्या विद्यापीठीय ग्रंथांसाठी राज्यांना प्रत्येकी एक कोटी देऊ केले होते. त्यातून आपलं विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ नागपुरात उभं राहिलं. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ती पुस्तकं अजून सापडतात आणि काही फार चांगली आहेत. धागाकर्त्याने ते उदाहरण जरूर द्यावं.

पायरीउतार

खरा अडसर कुणी बोलत नाहीये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत अध्यापकाच्या बढतीसाठी पुस्तकाला आंतरराष्ट्रीय प्रकाशक असेल तर १२ गुण, राष्ट्रीय असेल तर १०. चांगली परीक्षणं घेणारा विद्यापीठाचा विभाग दोन वर्षं लावणार. बाहेर पैसे घेऊन महिन्याभरात आयएसबीएनसकट (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासकट) पुस्तक हातात देणारे पुष्कळ आहेत, आणि तो क्रमांक भारतात फुकट मिळतो. बढती अडलेला माणूस कुठे जाईल? तुमच्याच अध्यापकांनी आपली हस्तलिखितं तुमच्या विभागाकडे का आणावीत, याचं उत्तर टिपणात नसेल तर बाकी सगळं वाया.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. लेखाशीर्ष तपासलं. खिळेजुळारी म्हणतात तसंच आहे, उत्तरपत्रिकांचा सगळा खर्च आमच्या नावावर. वेगळा तक्ता मागितलाय.

@पायरीउतार, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तूर्तास असं लिहितोय की विभागाने वर्षाला मोजकीच पुस्तकं घ्यावीत, प्रत्येकाला दोन बाहेरचे परीक्षक असावेत, आणि परीक्षणाचा निकाल किती दिवसांत कळवणार हे लेखी द्यावं. पहिलं पुस्तक तो मोडी खंडच, मुद्रितशोधक काका अजून आहेत तोवर.

परीक्षकांना मानधन किती द्यावं आणि स्वामित्वधनाचा करार कसा असावा, याचे नमुने कुणाकडे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. परिषदेची बैठक पुढच्या महिन्यात आहे.