मदत हवी आहे : ग्रंथपालांसाठी पुरस्काराचे निकष कसे ठरवावेत?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात शिकवते. येत्या १२ ऑगस्टला, म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, आमच्या ग्रंथपाल मॅडमचा सत्कार व्हावा असं आम्हा काही जणांना वाटतं. पण शाल-नारळ देऊन मोकळं व्हायचं नाही. अध्यापनाला केलेल्या मदतीबद्दल रीतसर पुरस्कार हवा.

अडचण अशी की कॉलेजच्या पुरस्काराचा अर्ज फक्त शिक्षकांसाठी आहे. 'निकाल किती टक्के' या रकान्यात ग्रंथपालाने काय लिहायचं? राज्य शासनाचा रंगनाथन पुरस्कार आहे, पण तो सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कार्यकर्त्या-सेवकांसाठी. गंमत म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत ग्रंथपालांची पात्रता प्राध्यापकांच्या बरोबरीनेच दिली आहे!

मॅडमचं काम सांगते. मोहोळ-अक्कलकोटहून एसटीने येणारी मुलं, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या तेलुगू. त्यांना एन-लिस्टचं (महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या सेवेचं) लॉगिन काढून देणं, शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध कसा हुडकायचा ते शेजारी बसून दाखवणं, संदर्भ कसे द्यायचे हे शिकवणं. माझ्या एमएच्या मुलांचे प्रकल्प त्यांच्यामुळेच कॉपी-पेस्टमधून बाहेर आले. पुस्तकांच्या देवघेवीच्या आकड्यांत यातलं काहीच दिसत नाही.

तुमच्याकडे असा पुरस्कार असेल तर निकष काय ठेवलेत? विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेता की तासांची नोंद? निवड समितीत बाहेरचा ग्रंथपाल असतो का? अर्जाचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका, प्राचार्यांना दाखवायला कागद लागतो.