न्यू पॅलेस आपला की मँटसाहेबाचा?

उत्तरेश्वरकर:
कोल्हापूरच्या न्यू पॅलेसला 'देशी-विलायती संगम' म्हणायची टूम निघाली आहे. मला तो संगम काही दिसत नाही. मेजर चार्ल्स मँट हा इंग्रजी फौजेतला इंजिनीअर. त्याच्या आराखड्यावर १८७७ ते १८८४ मध्ये हा राजवाडा उभा राहिला. आता भवानी मंडपात जुना राजवाडा बघा. मधे चौक, चौकात देवीचं देऊळ, भोवती सोपे. सगळं घर आत तोंड करून बसलेलं. न्यू पॅलेस चारी बाजूंनी मोकळा, मधोमध घड्याळाचा मनोरा, लांबून येणाऱ्यानं बघत राहावं म्हणून. आराखडा साहेबी, वरनं घुमट आणि महिरपी चिकटवल्या.

रंकाळ्यावरचा:
चिकटवल्या म्हणजे? सुरूचे खांब आणि पाकळ्यांच्या महिरपी दिसल्या की तू 'अस्सल मराठी वाडा' म्हणतोस. त्या मुघलांकडूनच आल्या की! इथं नांदल्या, आपल्या झाल्या. मग मँटनं काय घोडं मारलंय? दरबार हॉलच्या खिडक्या एकदा नीट बघ. चर्चमध्ये संतांची चित्रं असतात तशा रंगीत काचा, आणि त्यांत शिवचरित्रातले प्रसंग. ही काय नुसती वरची रंगरंगोटी आहे?

उत्तरेश्वरकर:
काचा झकास आहेत, नाही कोण म्हणतंय! पण बाकीचा माल कुठला? राजस्थानातल्या डीगचे महाल, मथुरा, गुजरात-राजस्थानची जैन देवळं. आणि इथं अंबाबाईचं देऊळ गावात, खिद्रापूरचं कोपेश्वराचं जुनं देऊळ जिल्ह्यात, ते सोडून! साहेबाला अख्खा हिंदुस्थान म्हणजे एकच फडताळ, हात घालून हवं ते काढलं. याच मँटला बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा आणि अजमेरचं मेयो कॉलेज करायचं होतं. कोल्हापूर त्यातलं एक गिऱ्हाईक.

जुनी_पेठ:
आणि गिऱ्हाईक तरी कोण? कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती राजाराम महाराज १८७० ला युरोपातून परतताना फ्लॉरेन्समध्ये गेले, ऐन विशीत. गादीवर आले चौथे शिवाजी महाराज, पोरसवदा. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. राजवाडा पुरा व्हायच्या आत, १८८३ ला, अहमदनगरला तेही गेले. शाहू महाराज दत्तक आले १८८४ ला. 'राजाश्रय' म्हणताना एवढं ध्यानात असू दे.

रंकाळ्यावरचा:
फ्लॉरेन्सचं नाव काढलंस म्हणून सांगतो. आर्नो नदीकाठी राजाराम महाराजांना अग्नी दिला, तिथं १८७४ ची छत्री आहे, म्हणजे खांबांवर घुमट असलेलं स्मारक. आत फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला महाराजांचा अर्धपुतळा. ती छत्री कुणी आखली? ह्याच मँटनं! इटलीत संगमरवरी थडगं खपून गेलं असतं, कुणी काही बोललं नसतं. त्यानं छत्री उभी केली. इतकं भान असलेल्या माणसाला फडताळवाला म्हणायचं होय रे?

उत्तरेश्वरकर:
छत्रीला मान. तरी वळण राजस्थानीच.

वडगावचा_पावणा:
आमच्यात असं सांगतात की हिशेब चुकला, इमारत कोसळणार, या धास्तीनं मँटनं जीव दिला. खरं काय?

जुनी_पेठ:
ती गोष्ट बडोद्याच्या नावावर सांगतात. मँट १८८१ ला वारला, लक्ष्मी विलास पुढं चिझम नावाच्या दुसऱ्या इंग्रज वास्तुविशारदानं पुरा केला आणि तो अजून ठणठणीत उभा आहे. विषयावर या पावणं.

छिन्नी_हातोडा:
तुम्ही दोघं मघापासनं आराखड्यावरच भांडताय. न्यू पॅलेसचा काळा दगड बघा. घासून गुळगुळीत केलाय. ह्या दगडावर छिन्नी सहज चालत नाही, टवका उडाला की अख्खा चिरा बाद. मँटनं कागदावर महिरप काढली, ती दगडात उतरवली पाथरवटांनी. मँटचं नाव सगळ्यांना तोंडपाठ. त्यातल्या एका पाथरवटाचं नाव सांगा बघू. संगम झाला असेल तर तो परांचीच्या फळ्यांवर चढून काम करणाऱ्यांच्या हातात झाला.

रंकाळ्यावरचा:
हे पटलं. पण म्हणून मँट वजा होत नाही.

उत्तरेश्वरकर:
वजा कोण करतंय? त्याचाच टाउन हॉल मला पॅलेसपेक्षा सरस वाटतो. १८७२ ते ७६ चं काम, टोकदार मनोरे, सरळसरळ गॉथिक, युरोपातल्या जुन्या चर्चच्या वळणाचं. आज तिथं संग्रहालय आहे, इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू मांडल्यात. 'मी तुमच्यातलाच' असा आव ती इमारत आणत नाही.

रंकाळ्यावरचा:
म्हणजे साहेबानं पुरतं साहेबी बांधलं तर चालतं, आणि आपलं थोडं घेतलं की तुला खुपतं?

उत्तरेश्वरकर:
होय. अगदी तसंच.